काचेच्या खोलीसाठी वर झालेले हात

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील, आणि तुम्ही हयात होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. मुंबईला जातो असं सांगायला आलो होतो तेव्हा तुम्ही अंगणात शेंगा फोडत बसला होतात. काय काम करणार म्हणून विचारलंत, मी हॉटेलात म्हणालो. कसलं हॉटेल ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता सांगतो. सानपाड्याला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एका इमारतीच्या तळमजल्यावर जेवणाचं हॉटेल आणि बार आहे, दोन-तीन हॉटेलं बदलून सोळा वर्षांपूर्वी मी तिथे लागलो, आता कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा आणि मॅनेजरच्या खालचा. गळ्यात तुळशीची माळ आहे, ती शर्टाच्या आत असते. सकाळी गल्ल्यामागच्या देवाला उदबत्ती मीच लावतो आणि मग दिवसभर लोकांना त्यांना हवं ते आणून देतो. याबद्दल देवाशी माझं काय बोलायचं ते बोलून झालेलं आहे. तुमच्याशी बोलायचं आहे ते निराळं आहे.

आमच्या हॉटेलच्या मागच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे. बारमध्ये बसल्या जागी सिगारेट ओढायला बंदी येऊन बरीच वर्षं झाली, पण मोठ्या हॉटेलांना अशी एक वेगळी खोली ठेवायची मुभा मिळाली. दार आपोआप मिटणारं, धूर बाहेर ओढणारा पंखा, बाहेर पाटी. आत फक्त ओढायचं; तिथे खायला-प्यायला काही द्यायचं नाही, नोकरमाणसाने आत उभं राहायचं नाही. मालकांनीच हे आम्हाला वाचून दाखवलं, आणि त्याच आठवड्यात आत चार टेबलं टाकली. ज्याला ओढायचं असतं त्याला ग्लासही लागतो आणि शेंगदाणेही लागतात, आणि ते आपल्या पायांनी चालत आत जात नाहीत. खाडीकाठच्या दिवाळे गावाहून एक कोळीण आमच्या किचनला मासळी घालते. मागच्या दाराने आली की तिला ती खोली दिसते. पहिल्यांदा बघितली तेव्हा टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमी बोंबील सुकत घालतो, पन वाऱ्यावर. तुमी मानसं कोंडून सुकवता. वास सारखाच हाय." त्या खोलीबद्दल मी आजवर जेवढी मतं ऐकली त्यात हे एकच धड होतं, आणि ते कुणी लिहून घेतलं नाही.

बाकीची मतं मात्र लिहून घेतली. गेल्या वर्षी इथल्या रहिवाशांच्या एका मंडळाने ठरवलं की हॉटेलांतल्या अशा खोल्याही बंद व्हायला हव्यात, आणि त्याआधी जनमत घ्यायला हवं. दाराशी एक मोठा फळा आणून ठेवला. वर प्रश्न, अशा खोल्या बंद व्हाव्यात का; खाली दोन रकाने, एक हो आणि एक नाही, आणि बाजूला वाटीत कागदाच्या रंगीत टिकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक टिकली उचलायची आणि आपल्या मताच्या रकान्यात चिकटवायची. महिनाभर तो फळा माझ्या उभं राहायच्या जागेसमोर होता. गुरुजी, माणसांबद्दल माझ्या मनात जी काही थोडी श्रद्धा शिल्लक होती, ती त्या फळ्याने महिनाभरात खाऊन टाकली. एक गृहस्थ रोज दुपारी येतात, जवळच्याच ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी टिकली घेतली, चष्मा वर करून 'हो'च्या रकान्यात नीट मधोमध चिकटवली आणि सरळ काचेच्या खोलीत जाऊन माझ्याकडे काडी मागितली. मी म्हटलं, साहेब, आत्ताच तर तुम्ही बंद करा म्हणालात. ते म्हणाले, "अरे, बंद व्हायलाच पाहिजे. झाली की मी पण सोडणार. तोपर्यंत आहे तर आहे ना." आणि मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं अशा नजरेने माझ्याकडे बघून त्यांनी काडी पेटायची वाट बघितली.

एक बाई आल्या, नवरा आणि लहान मुलगी घेऊन. मुलीच्या हाताने 'हो'ला टिकली लावून घेतली, तिला फळ्याकडे बोट दाखवायला सांगून फोटो काढला, आणि मग मला म्हणाल्या की आम्हाला त्या काचेजवळचं टेबल नको. बरोबरच होतं. मी दुसरं दिलं. काचेजवळच्या टेबलावर मी तान्हं मूल घेऊन आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याला बसवलं, कारण तेवढंच रिकामं होतं. या बाईंनी ते बघितलं. दार उघडलं की धुराचा लोट त्या तान्ह्या मुलावर जात होता तोही बघितला, आणि पनीर गार झाल्याची तक्रार केली. मत टिकलीपुरतं होतं. 'नाही'वाले निदान लपवत तरी नाहीत असं मला आधी वाटायचं. पण तेही तसलेच. एक तरणाबांड माणूस खोलीत बसून मोठ्याने सांगत होता, माझी फुफ्फुसं, माझी मर्जी, सरकार कोण लागून गेलं. त्याच्या शेजारी ॲशट्रे हातात धरून माझा माणूस उभा होता. त्यालाही फुफ्फुसं होती. ती कुणाच्या मर्जीची, हे त्या शूराला सुचलं नाही. आणि दोन-चार जणांनी दोन्ही रकान्यांत एकेक टिकली लावली आणि हसत आत गेले. टेन्शन नको, म्हणे, बॅलन्स असावा.

या सगळ्यांना बघताना मला तुम्ही आठवत होतात. तुमची ती पद्धत. वर्गात काही ठरवायचं असलं, सहल कुठे न्यायची, शनिवारी आधी कवायत की आधी साफसफाई, तर तुम्ही सगळ्यांना डोळे मिटायला लावायचात आणि मग हात वर करायला सांगायचात. पाटलाच्या मुलाने हात वर केला की निम्मा वर्ग हात वर करायचा, ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतंत. मी तिसरीत असताना एकदा पापण्यांच्या फटीतून शेजारी बघत होतो. तुम्ही पट्टी उगारली नाहीत. फक्त माझ्याजवळ येऊन हळू म्हणालात, "दुसऱ्याचं बघूनच ठरवायचं असेल तर डोळे कशाला हवेत? मेंढरांनाही असतातच." तो शब्द मला पट्टीपेक्षा जास्त लागला. इतका, की पुढे आयुष्यभर मी तो इतरांवर फेकत आलो.

आणि तो शनिवार. सकाळची शाळा, मी चौथीत, दाराजवळ पहिल्या रांगेत. तुम्ही खुर्चीवर न बसता उंबऱ्यात उभे आहात. म्हणता, मधल्या वेळेत मी ओट्यावर बसून बिडी ओढतो, धूर आत येतो, मला आज कळलं की काहींना त्याने खोकला येतो. तर डोळे मिटा, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनी हात वर करा. आम्ही डोळे मिटले. मग तुम्ही म्हणालात, हात खाली, डोळे उघडा, आणि पाढे सुरू केलेत. किती हात वर झाले ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. पण सोमवारपासून मधल्या वेळेत तुम्ही शाळा सोडून पाटाच्या पलीकडे, बाभळीखाली जाऊन बसू लागलात. बदली होईपर्यंत तुम्ही तिथेच जात होतात. गावात चेष्टा झाली. पोरांना विचारून बिडी ओढणारा मास्तर म्हणून चावडीवर हसायचे. तुम्ही नुसते पुढे निघून जायचात. मी हे सगळं लोकांना अभिमानाने सांगत आलो. जे सांगत आलो नाही ते हे की त्या दिवशी माझा हात वर नव्हता. धूर सगळ्यात आधी माझ्याच नाकात यायचा. पण आमचे डोळे मिटलेले होते, तुमचे उघडे होते. एवढी एक गोष्ट तुमच्या पद्धतीत राहून गेली होती, गुरुजी. ज्याला भ्यायचं तो बघतच होता.

आता त्या ॲशट्रेवाल्याबद्दल. तो आपल्याच गावचा, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. तो शाळेत आला तेव्हा तुमची बदली झालेली होती, त्यामुळे तुमची पद्धत त्याच्या वाट्याला आली नाही. त्याला या हॉटेलात मीच आणलं. तो मला तात्या म्हणतो. सुपारीचं खांडसुद्धा त्याने कधी तोंडात टाकलेलं नाही. काचेची खोली सुरू झाली तेव्हा तिच्यात कोणी उभं राहायला तयार नव्हतं. एकजण म्हणाला डोळे चुरचुरतात, एकजण म्हणाला घरी लहान मूल आहे. मी त्याला म्हटलं, तू जा. तो गेला. का, कशाला असं काही त्याने विचारलं नाही, आणि सहा वर्षं तो त्या खोलीत उभा राहिला. शेवटच्या दोन वर्षांत तो खोकायला लागला. स्टेशनचा जिना चढताना मध्ये थांबायचा आणि कुणी बघितलं तर फोन काढून त्यात काहीतरी बघितल्यासारखं करायचा.

फळ्याचा महिना संपत आला तेव्हा मंडळाची एक बाई आमच्याकडे आली. तिचं वाईट बोलवत नाही मला, कारण तेवढ्या लोकांत एकटीलाच सुचलं होतं की इथे रोज उभे असतात त्यांनाही विचारलं पाहिजे. मालक म्हणाले, विचारा ना मॅडम, स्टाफ म्हणजे आमची फॅमिली. सकाळचे अकरा वाजलेले, हॉटेल उघडायचं होतं, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आम्ही चौदा जण दोन रांगांत उभे राहिलो. त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या पंचक्रोशीतले. प्रश्न कसा विचारायचा ते मालकांनीच सुचवलं: ज्यांना त्या खोलीचा काही त्रास नाही त्यांनी हात वर करा. बाईंनी मोबाइल आडवा धरला. मालक आमच्याकडे बघतही नव्हते, स्वतःच्या फोनमध्ये बघत होते. म्हणजे धाकाखाली झालं असंही मला म्हणता येत नाही.

मी हात वर केला. का केला ते सांगतो. मालकांनी मला सोळा वर्षं ठेवलं आहे, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मागितली तेवढी सुट्टी दिली आहे. मनात म्हटलं, चौदा हातांतला एक हात त्यांना दिला तर काय बिघडतं? बाकीचे आपलं काय ते सांगतील. ज्याला त्रास आहे तो तर सांगेलच. गुरुजी, मी गावात वाढलेला माणूस, आणि एवढं विसरलो. आपल्या ग्रामसभेत भावकीतल्या थोरल्याचा हात वर गेला की मागच्याने हात खाली ठेवायचा नसतो. ठेवला तर आपल्या गावात ते वेगळं मत धरत नाहीत, थोरल्याचा अपमान धरतात. हे तुम्हाला माहीत होतं, त्यावरूनच तर तुमची चिडचिड व्हायची. त्या दोन रांगांत थोरला मी होतो. माझा एक हात म्हणजे एक हात नव्हता. मी मान वळवली तोवर एकेक हात वर जात होता, आणि प्रत्येकाची नजर फोनकडे नाही, मालकाकडे नाही, माझ्याकडे. तो मागच्या रांगेत होता. काचा पुसता पुसता तसाच आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, हातातल्या फडक्याला दोन्ही हात नीट पुसले, आणि मग उजवा वर केला. देवाला नमस्कार करायच्या आधी पुसावेत तसे पुसले होते.

एकमताने, असं बाईंनी लिहून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. तिला बहुतेक वाटलं असेल की असल्या लोकांसाठी आपण कशाला धडपडतो, आणि तिला तसं वाटलं असेल तर मी तिला दोष देणार नाही. त्यासोबत हॉटेलतर्फे एक कागद जोडायचा होता: धूम्रपानाच्या खोलीत कर्मचारी सेवा देत नाहीत, कोणाही कर्मचाऱ्याला त्रास नाही. तो मजकूर मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं आहे. ते तुम्ही घडवलेलं. खाली सही माझी. फळ्यावर 'हो'च्या टिकल्या 'नाही'पेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, पण मत घेऊन झालं म्हणजे काम झालं. फळा टेम्पोत घालून नेला, खोली आहे तिथेच आहे. जनमताला सहकार्य केल्याबद्दल मंडळाने हॉटेलला एक प्रशस्तिपत्र दिलं. मालकांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून देवाशेजारी टांगलं. रोज सकाळी माझ्या उदबत्तीचा धूर आधी त्याला लागतो.

त्याच दिवशी दुपारी कपडे बदलायच्या जागेत तो मला एकटा भेटला. मला म्हणाला की आज बोलणार होतो, घरी हिला तसं सांगूनच निघालो होतो. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो हसला. खोकल्यात हसू अडकलं, ते सोडवून म्हणाला, "तुमी हात वर केल्यावर मी खाली कसा ठेवू, तात्या?" आणि मला काय झालं कोण जाणे, मला त्याचाच राग आला. तुमचा शब्द मी त्याच्या अंगावर टाकला. मेंढरू आहेस, म्हणालो. तो शर्टाची बटणं लावत होता. वर न बघता म्हणाला, "मेंढराला पुढच्याची पाठच दिसती. दुसरं काय दिसणार?" त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं की नुसतंच, ते मला आजही कळलेलं नाही. दोन दिवसांनी मी मालकांकडे गेलो, त्याला तिथून काढून बाहेरच्या टेबलांवर घ्या म्हटलं. मालक चांगल्या आवाजात म्हणाले, "अरे, त्रास नाही म्हणून तुझीच सही आहे ना? आता आहे म्हणालास तर तूच खोटा पडशील." मी परत फिरलो. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

या उन्हाळ्यात त्याला धाप सहन होईना, तेव्हा मी त्याला वाशीला डॉक्टरांकडे नेलं. त्याची बायकोही आली होती. ती सोसायट्यांमधून पोळ्या करायला जाते, त्या दिवशी एका घरचं काम बुडवून आली होती. गेलं वर्षभर त्याच्या खोकल्यासाठी ती सोमवार धरत होती. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. छातीचा फोटो उजेडावर धरून त्यांनी बघितला आणि विचारलं, किती वर्षं ओढता? तो म्हणाला, नाही ओढत. कधीच नाही? कधीच नाही. डॉक्टरांनी पुन्हा फोटो बघितला. मग हा धूर कुठला म्हणाले, घरी चूल आहे का, काम कुठे करता? साधा प्रश्न होता. एका वाक्यात उत्तर होतं, आणि ते उत्तर देणं त्याच्या हातात होतं, माझ्या नाही. पण त्याने माझ्याकडे बघितलं. हात वर करायच्या त्या सकाळी हॉटेलात बघितलं होतं अगदी तसंच, थोरला काय म्हणतो ते बघायला. माझ्या डोळ्यांपुढे तो कागद आला, कर्मचारी आत सेवा देत नाहीत, खाली माझी सही. डॉक्टरला आमच्या हॉटेलशी, त्या कागदाशी काय घेणं? काहीही नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मी म्हणालो, "ओढायचा, डॉक्टर. आता सोडलीय."

त्याने मान हलवली. हो म्हणून. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

त्याची बायको माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या शर्टाकडे. सहा वर्षं तो शर्ट तिने धुतलेला. सहा वर्षं त्यातल्या वासाचं कारण त्याने तिला खरं सांगितलेलं, आणि तिने ते मानलेलं. डॉक्टर पुढे औषधाचं, तोंडात मारायच्या फवाऱ्याचं सांगत होते, ते ती मन लावून ऐकत होती, दोनदा विचारूनही घेतलं. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबली. माझ्याशी बोलताना ती डोक्यावरचा पदर नेहमी सावरते, तसा सावरला. म्हणाली, "भाऊजी, हे स्वतः म्हणाले असते तर मी मानलं नसतं. तुम्ही म्हणालात म्हणून मानलं." आणि कागदांची पिशवी घेऊन बसथांब्याकडे पुढे चालू लागली. तो मागे माझ्यासोबत राहिला. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, जाऊ द्या तात्या, दोन दिवसांचा राग आहे तिचा.

याला तीन आठवडे झाले. राग गेलेला नाही, कारण तो राग नाहीच. ती त्याला जेवायला वाढते, फवारा वेळेवर हातात देते, आणि बोलत नाही. सोमवार सोडले. लपून ओढणाऱ्यासाठी उपास कशाला, असं शेजारणीला म्हणाली, ते त्याच्या कानावर आलं. तिने गावी दिराला फोन केला, तिथून आता सगळ्या वस्तीवर झालं आहे की मुंबईला जाऊन हा बिघडला. ज्या माणसाने आयुष्यात एक झुरका घेतला नाही, त्याला त्याच्या म्हाताऱ्या बापाने फोनवर शपथ घालून सिगारेट सोडायला सांगितलं, आणि याने शपथ घेतली. मला हे सांगताना तो हसत होता. मी खोटं बोललो असं त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझा हात वर आहे ना अजून.

हॉटेलात मालकांनी डॉक्टरांचा कागद वाचला, हळहळले, आणि त्याला लगेच किचनच्या बाजूला हलकं काम दिलं. मला म्हणाले, बघ, सिगारेट किती वाईट. कुणी गिऱ्हाईक खोलीबद्दल कुरकुर करायला लागलं तर तेही आता सांगतात, साहेब, आमचा एक स्टाफ होता, स्वतःच ओढायचा, आम्ही काय करणार. काचेच्या खोलीत आता मी उभा राहतो. दुसऱ्या कुणाला जा म्हटलं नाही, आपणहून गेलो. मला वाटलं होतं त्यात काहीतरी प्रायश्चित्त असेल. तसं काही नसतं. डोळे चुरचुरतात एवढंच. ते मोठ्या हुद्द्याचे गृहस्थ अजून येतात, मी काडी ओढून देतो, ते अजून सोडणारच आहेत. आधी मी त्यांच्याकडे बघून मनात थुंकायचो. परवा त्यांच्या सिगारेटला काडी लावताना लक्षात आलं की या माणसाने निदान टिकली स्वतःच्या नावाने लावली होती. मी चौदा लावल्या, आणि वर एक डॉक्टरांकडे.

तुम्ही असता तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे. उंबऱ्यात उभे राहिला असतात, आणि मी उठून चालायला लागेपर्यंत तिथून हलला नसतात. मला त्याच्या बायकोकडे जायचं आहे. सगळं सांगायचं आहे, खोलीचं, हाताचं, कागदाचं, आणि त्याने कधीच ओढलेली नाही हे. त्यानंतर ती माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, गावाकडे माझं नाव निघेल, मालकांना कळलं तर नोकरीचंही काय ते होईल. पण तिचा विश्वास परत त्याच्यावर बसेल. एवढंच आहे, दुसरं काही करायचं नाहीये. करावे गावात त्यांची खोली आहे, माझ्या घरापासून रिक्षाने जेमतेम पाव तास. आज माझी सुट्टी आहे. ती अकरापर्यंत घरी असते, मग पोळ्यांना बाहेर पडते. सकाळी आंघोळ केली, देवपूजा केली, आणि निघालो. दारापर्यंत गेलोही होतो.

मग वाटलं आधी तुम्हाला सगळं नीट लिहून काढावं, म्हणजे तिच्यापुढे बोलताना चुकायला नको. तेव्हापासून लिहितोय. आता साडेअकरा होऊन गेले आहेत. तुमची शपथ, मी घरात चपला घालून कधी फिरलेलो नाही. आज देवाच्या खोलीत, देवासमोर जमिनीवर बसून हे लिहितोय, आणि दाराशी घातलेल्या चपला अजून माझ्या पायात आहेत.